हक्क घेतलेत, तर पुस्तक विका! ई-पुस्तकांच्या प्रकाशकांना आणि विक्रेत्यांना खुलं पत्र

प्रति,
इंग्रजी ई-पुस्तकांचे प्रकाशक, ती विकणारी ऑनलाइन दुकानं
आणि मराठीतले प्रकाशक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरात राहते आणि शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत मेथडिंग पाहते. साच्यात धातू कुठून आणि किती वेगाने शिरावा, रायझर (थंड होताना आकसणाऱ्या धातूला भर पुरवणारा साठा) कुठे आणि केवढा ठेवावा, कास्टिंग (ओतलेला भाग) थंड होताना जाड भागात पोकळी राहू नये म्हणून काय करावं, हे ठरवण्याचं हे काम. माझी आई निवृत्त इंग्रजी शिक्षिका. वयामुळे तिच्या डोळ्यांच्या पडद्याची झीज झाली आहे. छापील पुस्तक तिला भिंग घेऊनही वाचता येत नाही. टॅबलेटवर अक्षर पार मोठं केलं की पानात सात-आठ ओळी मावतात. सारखं बोट फिरवावं लागतं, पण ती वाचते. रोज दुपारी, जेवण झाल्यावर, खिडकीकडे पाठ करून. आमच्या घरात ई-पुस्तक ही हौसेची वस्तू राहिलेली नाही, एवढं सुरुवातीलाच सांगते, म्हणजे पुढचं पत्र कशासाठी आहे ते समजेल.

गेल्या काही महिन्यांपासून आई एक रहस्यकथांची मालिका वाचते आहे. सुरुवातीचे भाग तुमच्याच दुकानातून, रुपये मोजून घेतले. पुढच्या भागाच्या पानावर मात्र किंमत नाही, खरेदीचं बटण नाही. आहे ती एक ओळ: हे पुस्तक सध्या तुमच्या देशात उपलब्ध नाही. मुखपृष्ठ दिसतं, लेखिकेची माहिती दिसते, परदेशी वाचकांचे अभिप्राय दिसतात. त्या अभिप्रायांत कोणीतरी शेवटही फोडून ठेवला आहे. पुस्तक तेवढं मिळत नाही.

विक्रेत्याच्या ग्राहक सेवेला विचारलं. उत्तर आलं की हक्कांचा प्रश्न आहे, प्रकाशकाशी बोला. प्रकाशकाला लिहिलं. त्यांचं उत्तर असं की आमच्याकडे फक्त अमेरिका आणि कॅनडाचे हक्क आहेत, भारताबद्दल सांगता येणार नाही. मग भारताचे हक्क कोणाकडे आहेत, हे विचारल्यावर दोन्हीकडून काहीच नाही. कोणी उद्धट बोललं नाही, हे मान्य करते. पण एक वाचक पैसे घेऊन उभा आहे आणि त्याला नाही म्हणण्याची जबाबदारीही कोणी घेत नाही, हे मला निमूट सोसवत नाही. म्हणून हे पत्र जाहीर लिहिते आहे.

तुमच्या व्यवसायाची घडी मला थोडीफार समजते. इंग्रजी पुस्तकाचे हक्क जगभरासाठी एकदम विकले जातातच असं नाही. उत्तर अमेरिका एकाकडे, ब्रिटन आणि राष्ट्रकुलातले देश दुसऱ्याकडे, कधी भारतीय उपखंड तिसऱ्याकडे. एखाद्या अमेरिकी लेखकाला ब्रिटनमध्ये किंवा भारतात प्रकाशक मिळाला नाही, तर इथले हक्क लेखकाच्या एजंटाकडे तसेच पडून राहतात. अमेरिकी प्रकाशकाच्या हातात फाइल तयार असते, पण ती आम्हाला विकायचा अधिकार त्याच्याकडे नसतो. छापील पुस्तकाचं तसं होत नाही. तीच अमेरिकी आवृत्ती कोणी परदेशातून येताना बॅगेत घालून आणली, तर वाचायला काही अडचण नाही. फाइलच्या बाबतीत मात्र माझ्या खात्याचा देश, कार्डाचा पत्ता आणि इंटरनेट कुठून जोडलं आहे, हे तिन्ही तपासून दार बंद होतं.

प्रदेशवार हक्क सरसकट मोडून टाका, असं मी म्हणत नाही. इंजिनिअरिंग शिकलेल्या प्रत्येकाने ती ओळ पाहिली आहे: ही आवृत्ती फक्त भारत, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका इथे विक्रीसाठी. त्या स्वस्त आवृत्त्यांवर माझ्यासारख्या कितीतरी जणांचं शिक्षण झालं. जगभर एकच भाव ठेवायचा ठरला, तर तो डॉलरचा असेल आणि त्यात आम्हीच भरडले जाऊ, हे मला कळतं. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याने भारताचे हक्क घेतले त्याने इथे पुस्तक विकलं पाहिजे, आणि विकायचं नसेल तर हक्क सोडले पाहिजेत. जमीन विकत घेऊन ती पडीक ठेवायची, वर कुंपणही घालायचं, असा हा प्रकार आहे.

आता तक्रारी.

पहिली, कारण न सांगण्याची. 'उपलब्ध नाही' या दोन शब्दांमागे किमान चार वेगळ्या गोष्टी असू शकतात. इथले हक्क विकलेच गेले नसतील. विकले गेले असतील पण प्रकाशन पुढच्या वर्षी असेल. प्रकाशकाने फक्त छापील आवृत्ती काढायची ठरवली असेल. किंवा फाइल चढवताना कोणीतरी देशांच्या यादीत भारतावर खूण करायची विसरला असेल. शेवटचं कारण असेल तर ते पाच मिनिटांत दुरुस्त होईल. पण वाचकाला काहीच सांगायचं नाही असं ठरलं की साधी चूकही वर्षानुवर्षं तशीच राहते, कारण ती चूक आहे हे कळवणारं कोणी उरत नाही.

दुसरी तक्रार माझ्या कामाची आहे. मध्यंतरी आमच्याकडे एका जाड कास्टिंगमध्ये श्रिंकेजचा, म्हणजे थंड होताना धातू आकसण्याचा, त्रास सुरू झाला. मशीनिंगला गेल्यावर आतली पोकळी उघडी पडायची आणि माल रिजेक्ट होऊन परत यायचा. आमच्या एका ज्येष्ठांनी एका संदर्भग्रंथाच्या नव्या आवृत्तीतलं रायझरवरचं प्रकरण वाचायला सांगितलं. जुनी आवृत्ती ई-पुस्तक म्हणून इथे मिळत होती. नवी निघाल्यावर जुनी काढून टाकली आणि नवी भारतासाठी उघडलीच नाही. छापील मागवायची तर कापडी बांधणीची आयात प्रत, डॉलरमधली किंमत, वर टपालखर्च आणि काही आठवड्यांची वाट. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात ओतलेले सुटे भाग ट्रॅक्टरपासून पंपापर्यंत कुठे कुठे बसतात. आमचं कास्टिंग सीमा ओलांडून जातं, त्यासाठी लागणारं पुस्तक मात्र सीमेवर अडतं. ज्या गिऱ्हाइकासाठी आम्ही माल ओततो त्याच्या देशातला इंजिनिअर ते प्रकरण त्याच दुपारी वाचू शकतो. हा फरक करमणुकीपुरता नाही. त्याची किंमत आम्ही रिजेक्शनमध्ये मोजतो.

त्याच पुस्तकाची पीडीएफ आमच्या फाउंड्रीतल्या एका मुलाने मला त्याच संध्याकाळी टेलिग्रामवर पाठवली. त्याने मदत म्हणूनच पाठवली, त्याला मी दोष देत नाही. पण ज्या माणसाने आयुष्यभर भट्टीसमोर उभं राहून मिळवलेलं ज्ञान त्या पुस्तकात लिहिलं, त्याला त्यातून एक पैसा मिळत नाही. मला त्याला पैसे द्यायचे होते. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळातच बंद असतात. ते मी मुद्दाम सुरू करून घेतले होते. चोरीची फाइल फुकट, विनासायास आणि लगेच मिळते, आणि रीतसर घेणाऱ्याला दार बंद असतं. प्रकाशकांनो, पायरसीविरुद्ध तुम्ही मोहिमा काढता, त्यांना माझा पाठिंबा आहे. पण त्या मोहिमेचं पहिलं काम पुस्तक विकायला ठेवणं हे असलं पाहिजे.

काही जण सल्ला देतात की व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या देशातून जोडल्यासारखं दाखवणारी सोय) लाव, अमेरिकेतला एखादा खोटा पत्ता टाक, गिफ्ट कार्डाने पैसे भर. मी ते करणार नाही. खोटा पत्ता दिला तर तुमच्याच अटींप्रमाणे माझं खातं बंद होऊ शकतं, आणि त्या खात्यात आईची आजवरची सगळी पुस्तकं आहेत. शिवाय एक पुस्तक विकत घेण्यासाठी खोटं बोलावं लागावं, हेच मुळात मला पटत नाही.

तिसरी तक्रार याच 'आपल्या' पुस्तकांबद्दल आहे. बटणावर 'खरेदी करा' लिहिलेलं असतं, अटींमध्ये मात्र तो वाचण्याचा परवाना असतो. देश बदलला, खातं हलवलं, दुकान बंद झालं, की त्या परवान्याचं काय होईल हे तुम्ही ठरवणार. ही भीती हवेतली नाही. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने अमेरिकेतल्या वाचकांच्या किंडलमधून जॉर्ज ऑर्वेल यांच्या विकत घेतलेल्या पुस्तकांच्या प्रती दूरून काढून टाकल्या, आणि कारण होतं ते हक्कांच्या प्रदेशाचंच: ज्याने ती पुस्तकं दुकानात चढवली होती त्याच्याकडे अमेरिकेचे हक्क नव्हते. पुढे कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा विकलेली पुस्तकंही उघडेनाशी झाली. पैसे परत दिले, हे खरं. पण समासात लिहिलेल्या टिपा आणि अर्धवट वाचलेलं पुस्तक पैशाने परत येत नाही. युरोपियन महासंघाच्या न्यायालयाने २०१९ मध्ये असा निकाल दिला की छापील प्रतीसारखी ई-पुस्तकाची जुनी प्रत पुन्हा विकता येणार नाही. कायदाही वाचकाच्या बाजूने फारसा उभा नाही, हे मला दिसतं. म्हणूनच तुमच्याकडे मागणं आहे.

कायद्याचा विषय निघालाच आहे, तर आपल्याकडचा कायदा काय म्हणतो तेही पाहा. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या १९ व्या कलमात असं आहे की, ज्याला हक्क दिले त्याने ते एका वर्षात वापरले नाहीत, तर करारात वेगळं लिहिलेलं नसल्यास, तेवढ्यापुरतं ते हस्तांतरण रद्द झालं असं समजावं. लेखकाची कलाकृती कोणी नुसतीच अडकवून ठेवू नये, हा त्यामागचा विचार. ३२-अ कलम आणखी पुढे जातं. ठरावीक काळ उलटूनही पुस्तकाच्या प्रती भारतात विक्रीला नसतील, किंवा वाजवी किमतीत नसतील, तर शिक्षणाच्या कामासाठी ते छापण्याचा परवाना मागता येतो. विज्ञान, गणित आणि तंत्रज्ञानाच्या पुस्तकांना हा काळ तीन वर्षं, कथा-कविता-नाटकांना सात, इतरांना पाच. परदेशातले करार परदेशी कायद्याने होतात आणि त्यांत या तरतुदीला बगल देणारं कलम घालता येतं, हे मी जाणते. तरीही, पुस्तक वाचकापर्यंत न पोचवणं हा हक्कदाराचा निर्वेध अधिकार नाही, हे या देशाने कायद्यात लिहून ठेवलं आहे. तुम्ही या बाजारात व्यवसाय करता, तर त्या भावनेचा मान ठेवा.

माराकेशचा करार तुम्हाला माहीत असेलच. दृष्टिहीन आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या लोकांसाठी तयार केलेल्या प्रती एका देशातून दुसऱ्या देशात पाठवता याव्यात म्हणून २०१३ मध्ये तो झाला, आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. पुस्तकांच्या वाटेत देशांच्या सीमा आड येतात, हे जगाने तेव्हा मान्य केलं. त्या मार्गाने कुठल्या तरी संस्थेत नाव नोंदवून आईला काही पुस्तकं मिळतीलही. पण तिला सवलत नको आहे. आजवर घेतली तशी ती पुढचा भाग पूर्ण किंमत देऊन घ्यायला तयार आहे. फक्त अक्षर मोठं करता यायला हवं.

मराठी प्रकाशकांनो, आता तुमच्याकडे वळते. तुमच्याशी बोलताना मला जास्त वाईट वाटतं, कारण तुम्ही आपली माणसं.

माझी धाकटी बहीण जर्मनीत असते. तिला मराठी कादंबऱ्या वाचायच्या असतात आणि मुलाला मराठी वाचायला शिकवायचं असतं. किंडलवर मराठी पुस्तकं डिसेंबर २०१६ पासून मिळू लागली, तेव्हा तिने मला आनंदाने फोन केला होता. आज ती शोधते, तर कितीतरी मराठी ई-पुस्तकं फक्त भारतात मिळतात. मी ती घेऊन तिला भेट म्हणून पाठवू शकत नाही, कारण भेटही देश पाहूनच पोचते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण सगळ्यांनी तो साजरा केला. परदेशातल्या मराठी मुलाला एक मराठी गोष्टीचं पुस्तक विकत घेता येऊ नये, हे त्या दर्जाला शोभत नाही.

यात तुमच्या अडचणीही आहेत. अनुवादाचे हक्क घेताना मूळ प्रकाशक कधी भारतापुरतेच देतो, तिथे तुमचा नाइलाज आहे. पण मूळ मराठी पुस्तकांचं काय? त्याच १९ व्या कलमात असंही आहे की करारात प्रदेश लिहिलेला नसेल तर हक्क फक्त भारतापुरते धरायचे, आणि मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं. आपल्याकडचे जुने करार एक-दोन पानांचे, कित्येकदा नुसत्या पत्रावर झालेले. त्यात ना प्रदेश, ना मुदत, ना ई-पुस्तकाचा उल्लेख. २०१२ च्या दुरुस्तीने तर हेही स्पष्ट केलं की करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं, त्याचे हक्क नाव घेऊन लिहिल्याशिवाय दिले गेले असं मानायचं नाही. म्हणजे लेखकाशी, किंवा ते हयात नसतील तर वारसांशी, एकदा बसून नवा पुरवणी करार करणं एवढंच काम आहे. बहुतेक लेखक आनंदाने सही करतील. आपलं पुस्तक म्युनिकमध्ये किंवा न्यू जर्सीत वाचलं जावं, असं कोणाला वाटणार नाही? आणि जिथे जगभराचे हक्क तुमच्याकडे आहेतच, तिथे फाइल चढवताना सगळ्या देशांवर खूण करा. तेवढ्यावर काम होईल.

हे मी कोल्हापुरातून का लिहिते, तेही सांगते. या गावात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानाने सार्वजनिक ग्रंथालयांसाठी कायदा केला. महाराष्ट्राचा तसा कायदा यायला १९६७ साल उजाडलं. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्यालाही पुस्तक मिळालं पाहिजे, हा विचार इथे जुना आहे. परदेशातल्या माझ्या ओळखीच्या लोकांना गावच्या ग्रंथालयाच्या कार्डावर घरबसल्या ई-पुस्तक उसनं मिळतं. आमच्या वाचनालयांना तशी योजना परवडेल अशा अटींवर कोणी देऊ करतं का, हेही तुम्ही सांगायला हवं. आज मी पैसे देऊ शकते आणि मला पुस्तक मिळत नाही. ज्यांना पैसे देता येत नाहीत, त्यांचा तर विचारही तुमच्या व्यवस्थेत कुठे दिसत नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

भारताचे ई-पुस्तकाचे हक्क घेऊन वर्षभरात पुस्तक विकायला काढलं नाही, तर ते हक्क आपोआप मोकळे होतील असं कलम तुमच्या करारांत घाला. लेखकांनी आणि त्यांच्या एजंटांनीही ते मागावं. आणि जिथे भारताचे हक्क कोणी घेतलेलेच नाहीत, तिथे मूळ प्रकाशकाला ती आवृत्ती इथे विकण्याची तात्पुरती परवानगी द्या. पुढे इथला प्रकाशक मिळाला तर ती थांबवा. तोवर विकल्या गेलेल्या प्रतींवर लेखकाला मानधन मिळेल.

विक्रेत्यांनी 'उपलब्ध नाही' याच्यापुढे कारण लिहावं आणि हक्क कोणाकडे आहेत ते नाव द्यावं. नाव नसेल तर 'भारतासाठी हक्कदार नाही' एवढं तरी लिहावं. शेजारी 'मला हे पुस्तक हवं आहे' असं एक बटण ठेवा आणि ती नोंद प्रकाशकापर्यंत पोचवा. इथे गिऱ्हाईक नाही असा तुमचा समज असेल, तर तो त्या नोंदींनी दूर होईल.

एखाद्या मालिकेचे आधीचे भाग इथे विकले असतील, तर पुढचे भागही इथे विका. हे मी वेगळं लिहिते आहे, कारण अर्ध्यावर सोडलेल्या वाचकाला दुसरा पर्याय नसतो. तांत्रिक पुस्तकाची नवी आवृत्ती भारतात उघडेपर्यंत जुनी काढून टाकू नका.

विकत घेतलेलं पुस्तक वाचकाने देश बदलला तरी त्याच्याकडेच राहील, असं अटींमध्ये स्वच्छ शब्दांत लिहा. दुकान बंद करायची वेळ आली, तर फाइल उतरवून घेण्याची मुभा द्या.

मराठी प्रकाशकांनी आपल्या यादीतली मूळ मराठी ई-पुस्तकं जगभर खुली करावीत. सगळी एकदम जमणार नाहीत, पण बालसाहित्यापासून सुरुवात करा. ज्यांचे करार अपुरे आहेत त्या लेखकांना या वर्षातच पत्रं पाठवा.

मला तुमच्याकडून सहानुभूतीची ठरावीक ईमेल नको आहे. आईच्या मालिकेचा पुढचा भाग आणि रायझरवरचं ते प्रकरण असलेला ग्रंथ, या दोन्हींच्या बाबतीत भारताचे हक्क कोणाकडे आहेत आणि ते इथे कधी विकणार, एवढं लेखी कळवा. दोन्ही पुस्तकांची नावं आणि माझ्या खात्याचा तपशील मी विक्रेत्याला आणि प्रकाशकाला या पत्राच्या प्रतीसोबत पाठवला आहे. जे उत्तर येईल ते मी याच जागी, जसंच्या तसं, सगळ्यांना वाचायला देईन.

आपली,
एक वाचक
राजारामपुरी, कोल्हापूर